भिवराबाईचा ढोल

येलदरीच्या धरणाचं काम नुकतंच लागलं होतं तवाची गोष्ट. माझी सासू भिवराबाई ढोल वाजवायची. आवाज परभणीपर्यंत जायचा; खोटं वाटत आसंल तर तिथल्या मेंढ्यांना इचारा. ती गेली अन् पहिल्याच जत्रंत चुलतसासरे रायभानमामा म्हणले, "आता ढोल देवळात टांगा. वैनीला कुणी आडवू शकलं न्हाई, पण दुसऱ्या बाईला हात लावू देणार न्हाई." मी आगटी पेटवली. सैल पडलेलं कातडं शेकून ताठ केलं अन् ढोल गळ्यात आडकवला. "सूनबाई, खाली ठिव!" मामा कडाडले. "मामंजी, आत्याबाईनं मला भाकरीआधी ढोल शिकवला. टांगायचा तर माझ्यासगट टांगा." मी टिपरू हाणलं. मामा उठून माझ्याकडंच यायलते. मी वाजवतच ऱ्हायले. जवळ आल्यावर त्यांनी पटका सोडला, कंबरंला आवळला अन् म्हणले, "जरा दमानं वाजीव गं. म्हाताऱ्याला नाचायचंय."