मिटलेले ओठ

नवरा गेल्यापासून ती दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसे, पण ओठ घट्ट मिटून. ना गाणं, ना प्रार्थना, शेवटचं 'आमेन'सुद्धा नाही. धाकट्या दिराला वाटलं, चला, वहिनीचे डोळे उघडले एकदाचे.

पँट उसवली म्हणून तो तिच्या शिलाई मशीनपाशी आला आणि राहवेना म्हणून बोललाच, "दादा वाचावा म्हणून इतके गुडघे टेकलेत, पण देवाने साधी खूणसुद्धा दिली नाही. तो नाहीच, हे पटलं ना आता?"

तिने दातांत धरलेली टाचणी काढली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. "भाऊजी, आमच्या भांडणात तुम्ही पडू नका!"

मग मशीनचं चाक फिरवत म्हणाली,



"जो नाहीच, त्याच्याशी कुणी अबोला धरतं का?"