दोनशे तेरावी

संग्रहालयातल्या जुन्या बाजाराच्या देखाव्यात नोंदवहीप्रमाणे कथलाची दोनशे बारा माणसं होती. मी तीनदा मोजली, दोनशे तेरा भरली. प्रत्येकाच्या पायांखालची पट्टी बारा मिलिमीटर रुंद. जास्तीची बाई भाजीवाल्यापाशी उभी होती, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाजारात तिच्या मनगटावर घड्याळ होतं. तिला उचलायला मी चिमटा घेतला, तोच तिथले म्हातारे रंगारी मागे येऊन थांबले. “आमची ही आहे. ती गेल्यावर ओतली. घड्याळाशिवाय तिच्यासारखी दिसेना.” “काका, नोंद नसलेलं काढायचा नियम आहे. काकूंना घरी न्या ना.” “घरी माझ्याशीच बोलायला कुणी नाही, तिला कशाला नेऊ? इथे निदान चार माणसांत आहे.” मी चिमटा खाली ठेवला, नोंदवही उघडली. दोनशे तेरा: स्त्री, कथील, उंची तीस मिलिमीटर. मग नियमाप्रमाणे शेजाऱ्यांपासूनचं अंतर मोजलं. उजवीकडे भाजीवाला, तीन मिलिमीटर. डावीकडे रिकामी जागा, बारा मिलिमीटर.