इंद्रभानचा बेस

इंद्रभाननं बेस गिटार उशीवर आडवी ठेवली, चारही तारा सैल केल्या आणि नेकच्या, म्हणजे लांब दांडीच्या, टोकाला बारीक पाना लावला. पाव आट्याच्या वर फिरवायचा नाही, नाहीतर लाकडाचं वाटोळं. श्वास रोखून त्यानं पाना फिरवला.

"राहू द्या ना आता," लिलाबाई चहाचा कप ठेवत म्हणाली. "चांगली तं वाजते. कायले खोलखाल करता?"

"स्टेजवर वाजते. घरी नाई वाजत."

ते खरंच होतं. लकवा येऊन गेल्यापासून त्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत जोर उरला नव्हता. घरी सरावाला बसलं की तारा दबायच्या नाहीत, नुसती खरखर. पण भीमगीतांच्या पार्टीबरोबर स्टेजवर चढलं की सूर कसे गोल, मोकळे निघायचे. गाव कोणतंही असो, साउंडवाला कोणीही असो. परवा जऊळक्याला तर लोक मुद्दाम येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. लकव्यातून उठलेला माणूस असं वाजवतो याचं त्यांना नवल वाटत होतं. इंद्रभानलाही वाटत होतं, पण तो ते दाखवत नव्हता. स्टेजवर हात सुटतो, एवढंच म्हणायचा.

आता मात्र पार्टीचं अकोल्याला रेकॉर्डिंग ठरलं होतं. तिथं ना मंडप, ना टाळ्या. एकेक वाद्य वेगळं वाजवायचं. म्हणून तारा खाली आणायच्या, कमजोर बोटांनाही दबतील इतक्या खाली.

आणि पुतण्या संघदीप टपूनच बसला होता. याच घरात, याच सतरंजीवर इंद्रभाननं त्याला सूर ओळखायला शिकवलं. आज तो पार्टीत कीबोर्ड वाजवतो आणि भर बैठकीत म्हणतो, "रेकॉर्डिंगले बेसचं मीच कीबोर्डवर पाहून घेतो. काकाले कायले तरास?" पार्टीप्रमुख धम्मपालनं यावर मान खाली घातली. नुसता चपलेनं माती उकरत राहिला. इंद्रभानच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"माह्याच हातानं शिकवला, अन् आता मलेच उठवून राह्यला," तो म्हणाला.

"तो तसा पोरगा नाई," लिलाबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

ती आत निघून गेली.

त्यानं तारा पुन्हा ताणल्या. एका टोकाला दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर आणि दुसऱ्या टोकाला शेवटच्या पट्टीवर तार दाबून मधली फट पाहिली. लग्नपत्रिकेचा कागद जेमतेम सरकेल एवढी. मग तारा जिथं अडकवतात त्या ब्रिजवरचे इवले स्क्रू फिरवत एकेक तार उतरवली. जास्त उतरली की ती पट्टीला घासून कुरकुर करायची, मग थोडी वर. मोकळी तार छेडायची, मधोमध दाबून तीच पुन्हा छेडायची, मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दोन्ही सूर जुळतात का ते पाहायचं. डोळे चुरचुरायला लागले, मान भरून आली, पण तो उठला नाही.

शेवटी त्यानं करंगळी ठेवली. तार दबली. खरखर नाही, कुरकुर नाही. बारीक, अँपशिवाय निघेल तेवढाच, पण स्वच्छ सूर. त्यानं अख्खं गाणं वाजवून काढलं आणि सतरंजीवर बसल्या बसल्या एकटाच रडला. पुष्कळ दिवसांनी त्याला आपला हात आपला वाटला.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. मालेगावच्या साउंड सर्व्हिसचा बाबूसिंग छोटा अँप, आवाज मोठा करणारा डबा, घेऊन आला होता. इंद्रभाननं सकाळीच फोन करून मागवला होता.

"भाऊ, तो डबा परत न्या," लिलाबाई लगबगीनं बाहेर आली. "माहं डोकं उठते त्या आवाजानं."

"दोन मिंटं आयकू दे," इंद्रभान म्हणाला. "उद्या धम्मपालले बलावतो. त्याच्या तोंडावर वाजवतो. मंग म्हणावं त्या संघदीपनं, काकाले तरास होते म्हणून."

तिनं अँप अडवायला हात पुढं केला. बाबूसिंगनं अँप ओट्यावर ठेवला आणि तो गेला.

इंद्रभाननं वायर जोडली, बटण दाबलं. अँपचा लाल दिवा लागला. त्यानं तार छेडली.

काहीच नाही.

त्यानं आवाज वाढवला. गिटारमधून वायर उपसून तिच्या टोकाला बोट लावलं, तर अँप घुर्रकन गुरगुरला. म्हणजे अँप ठीक, वायरही ठीक. त्यानं गिटार पालथी केली आणि मागच्या झाकणाचे स्क्रू काढले.

आतली, आवाज बाहेर नेणारी बारीक तार कापलेली होती. तुटलेली नव्हे, पक्कडीनं सरळ कापलेली, आणि दोन्ही टोकांना वेगवेगळी काळी टेप गुंडाळलेली. टेपचा चीक त्याच्या बोटाला चिकटला. त्यानं तो पायजम्याला पुसला.

"पाह्य," तो ओरडला. रागानं त्याची जीभ अडखळत होती. "पाह्य तुह्या चांगल्या पोराचं काम! रेकॉर्डिंगले माहा आवाजच निंघू नये म्हणून! परवा इथं येऊन बसला होता ना, तवाच कापली त्यानं. साऱ्या वस्तीसमोर इचारतो त्याले. कानाखाली नाई वाजवली तं नावाचा इंद्रभान नाई!"

त्यानं पायात चपला सरकवल्या. लिलाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"सरक."

"संघदीपच्या दारात जाऊ नोका," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. "लकव्यानंतर तुमाले पार्टीतून काढून राह्यले होते. तवापासून स्टेजवर तुमचा बेस तोच कीबोर्डवर वाजवते, तुमची खरखर लोकाईले आयकू येऊ नये म्हणून. तार मी कापली."