पुन्हा पहिल्यापासून

कॉलेजच्या बँडमधल्या मोझेसने गिटार बाहेर काढली तसा विश्राम खुर्चीत मागे सरकला. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर त्याच्या बायकोने, सुनेत्राने, आज पाहुण्यांसाठी नवी पांढरी जाळी बांधली होती.

"विश्र्या, तुझंच गाणं! आज आम्ही म्हणणार, तू फक्त ऐकायचं." असं म्हणत सदाने ड्रमऐवजी टीपॉय पुढे ओढला. त्यावरची विश्रामची लिहायची पाटी सुनेत्राने उचलून आत नेली.

गॅदरिंगला हे इंग्रजी रॉक गाणं विश्रामनेच म्हणायचं, असा कॉलेजात शिरस्ता होता. शेवटच्या ओळीला तो असा आवाज लावायचा की पोरं खुर्च्यांवर चढायची. मग तो हात वर करायचा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणखी जोरात! नोकरी लागली, लग्न झालं, बँड मोडला, तरी रोज दाढी करताना ते गाणं त्याच्या तोंडी असायचंच.

दोघं बेसूर, पण जीव तोडून गात होते. शेवटची ओळ आली आणि विश्रामचं तोंड आपसूक उघडलं. भोकातून नुसती हवा फुसफुसली. जाळी थरथरली.

त्याला सहन होईना. बस करा, म्हणून त्याने हात वर केला.

"अरे, विसरला नाही लेकाचा!" मोझेस आनंदाने ओरडला. "सदा, पुन्हा!"

"बघितलंत, किती खूश झालेत!" सुनेत्राने पदराने डोळे टिपले.

विश्रामने घाईघाईने दुसराही हात वर केला. मोझेसने आवाज आणखी चढवला.