मागचाच मार

वहिनीने फाईल उघडली आणि तिचे हात कीबोर्डवरच थांबले. नाव घरातलं होतं. तिचा धाकटा दीर, गुंड्या. अंगाने बैल, बॉक्सिंगच्या रिंगणात भल्याभल्यांना लोळवणारा, आणि आत्ता इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागाच्या खिडकीबाहेर उभा राहून तिच्याकडे बघत दात काढणारा.

डॉक्टर जे लिहितील त्याला कोड देणं, हे वहिनीचं काम. प्रत्येक दुखण्याला एक आकडा, आणि आकड्याच्या शेवटी एक अक्षर. मार नवा असेल तर एक, जुन्याच माराची पुन्हा तपासणी असेल तर दुसरं. फाईलमध्ये लिहिलं होतं, 'मेंदूला हादरा. मागचाच मार, नवीन नाही, असं रुग्ण सांगतो.' रुग्ण काय वाटेल ते सांगेल! परवा निवडीची लढत. या बाबाने मोडलेला पायसुद्धा मुंगी चावली म्हणून खपवला असता.

काल संध्याकाळी सरावावरून तो भिंत धरत घरात आला होता. खाल्लेलं सगळं उलटून पडलं, दिवा डोळ्यांना सोसेना. वहिनीनेच फरशी पुसली होती.

ती उठून खिडकीशी गेली. गुंड्याने काही लपवलं नाही. काल कानावर एक बसला, म्हणाला, एवढं चालायचंच. पण नव्या माराचं अक्षर पडलं की संगणक परस्पर संघाला कळवतो आणि खेळाडू महिनाभर बाहेर. म्हणजे निवड गेली, आणि निवडीवर मिळणारी कायमची नोकरीही गेली. आईने तर आत्ताच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय.

"डॉक्टरांनी लिहिलंय तेच टाक, वहिनी. तुला खोटं कुठे करायला सांगतोय?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. नियम त्याच्याच बाजूने होता. कोडरने पदरचं काही घालायचं नाही. शंका आली तर डॉक्टरांना प्रश्न पाठवायचा, मग उत्तर येईपर्यंत फाईल थांबते. परक्यांच्या करंगळीसाठीसुद्धा वहिनीने असे प्रश्न पाठवले होते, डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती. आज बोट उचलेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्रश्न पाठवला तर हा जन्मभर बोलणार नाही, आणि सासूबाई म्हणणार, परकी ती परकीच. तिला त्याचा राग आला, त्याला रिंगणात ढकलणाऱ्या कोचचा आला, डॉक्टरांचा तर फारच आला.

"डोकंच राहिलं नाही तर मेडल कुठे घालशील रे?" ती म्हणाली.

"मेडल गळ्यात घालतात, वहिनी."

तिला हसू आलं. तिथेच ती फसली. एवढी थट्टा सुचतेय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, असं तिने स्वतःला समजावलं, जागेवर येऊन जुन्या माराचं अक्षर टाकलं आणि बटण दाबलं. फाईल पडद्यावरून गेली. आता ती तिच्या हातात नव्हती. तिने मान हलवून झालं म्हणून सांगितलं. गुंड्याने कोपरापासून हात जोडले आणि तो शीळ घालत फाटकाकडे निघाला.

वहिनीने पुढची फाईल उघडली. कुणाच्या तरी मनगटाची होती. एक ओळ वाचून होते न होते तोच खिडकीत अंधार झाला. गुंड्या परत आला होता. काहीतरी विसरला असेल, म्हणून ती उठली.

तो खिडकीवर कोपरं टेकून हसला. "वहिनी, माझी फाईल आली का गं तुझ्याकडे?"

चेष्टा करतोय का, म्हणून तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. चेष्टा नव्हती. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला आणि तो सांगायला लागला, काल कानावर एक बसला, एवढं चालायचंच, पण परवा निवडीची लढत आहे, आणि आईने सगळ्यांना सांगून टाकलंय.

वहिनीने एका हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने डॉक्टरांचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. आणि गुंड्या तिला पुन्हा समजावत होता की तो तिला खोटं काही करायला सांगत नाहीये.