जिन्यावरची पावलं

मुलाने जुन्या सिनेमाची नवी डिस्क हौसेने आणली आणि आईला टीव्हीसमोर बसवलं. नटनट्यांच्या पावलांचे आवाज स्टुडिओत स्वतः चालून देण्यात तिची उभी हयात गेली. गुडघेही त्यातच कामातून गेले. या नायिकेची पावलंही तिचीच; त्या लाकडी टाचांच्या चपला अजून पलंगाखाली होत्या. नायिका जिना चढू लागली आणि आईच्या कपाळाला आठी पडली. “आवाज सगळे नव्याने भरलेत,” मुलगा म्हणाला. “बघ, किती हलकी चालते. आधी एवढीशी पोरगी हत्तीसारखी धपधप चढायची.” आई दमल्यासारखी हसली. दिग्दर्शकही तेव्हा हेच म्हणाला होता. “त्या जिन्यावर तूही होतास की,” ती म्हणाली. “मी?” “मला सातवा महिना होता. बंद कर आता ते, पाठ भरून आलीय.” मुलाच्या हातात रिमोट तसाच राहिला. पडद्यावर नायिका एकटीच वर निघून गेली.