रेल्वेची चादर

“आई, एसीच्या डब्यात चादर, उशी, ब्लँकेट सगळं देतात. हे बोचकं कशाला?” असं म्हणत त्याने आईच्या पिशवीतून सोलापुरी चादर आणि कानटोपी ओढून काढली.

“डिसेंबर आहे रे,” आई म्हणाली. पण त्याच्या कपाळावरची आठी पाहून तिने निमूटपणे पिशवीची चेन लावली. त्याला मीटिंग होती, म्हणून तिला स्टेशनवर सोडायला त्याने ड्रायव्हरला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाहून मामाचा फोन आला. “स्टेशनवर आलोय. ताईचा डबा कोणता?” त्याने मोबाइलवर तिकीट उघडलं. एस-सात. साध्या स्लीपरचा डबा, जिथे कुणी काही देत नाही. महिन्यापूर्वी एसीत जागा नव्हती म्हणून हे तिकीट त्यानेच काढलं होतं. स्वतः कायम एसीने फिरणाऱ्या त्याच्या डोक्यातून ते साफ निघून गेलं होतं.

त्याने घाईघाईने आईला फोन लावला. “आई, रात्री थंडी...”

“कायची थंडी रे बाप्पा!” तिचा आवाज पार बसला होता. “तू म्हणाला तसंच झालं. चादर दिली, ब्लँकेट दिलं, उशीपण दिली. मस्त झोप लागली.”

त्याची नजर सोफ्याकडे गेली. जाण्याआधी आईने सोलापुरी चादरीची पुन्हा नीट घडी घातली होती. वर कानटोपी ठेवली होती.

“आणि हो,” खोकला आवरत ती म्हणाली, “पुढच्या वेळीपण एसीचंच काढजो बरं.”